हँगओव्हर

एका बैठकीत भरपूर मद्य घेतल्यानंतर रक्तातले अल्कोहोल शून्याच्या जवळ येऊ लागले की शरीराला आणि मनाला जो त्रास सुरू होतो, त्याला हँगओव्हर म्हणतात. डोके ठणकणे, तोंडाला कोरड, मळमळ, अंग मोडून येणे, उजेड आणि आवाज नकोसा होणे, चिडचिड, कशातही लक्ष न लागणे ही त्याची नेहमीची लक्षणे. वैद्यकीय लिखाणात त्याला ‘वेसाल्जिया’ असेही नाव आहे. त्यातला पहिला भाग नॉर्वेजियन भाषेतून आणि ‘दुखणे’ या अर्थाचा दुसरा ग्रीकमधून घेतलेला. सुश्रुतसंहितेत मद्यजन्य विकारांमध्ये ‘परमद’ वेगळा सांगितला आहे आणि त्याचे वर्णन बरेचसे याच्याशी जुळते.

व्याख्येतली वेळ महत्त्वाची आहे. त्रास चढलेली असताना होत नाही, उतरताना होतो. ४० टक्के अल्कोहोल असलेल्या मद्याच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटते आणि त्याला घाई करता येत नाही. रात्री नऊला सुरुवात करून मध्यरात्रीपर्यंत असे चार पेग घेतले, तर हिशेब पहाटे साडेचार ते सकाळी आठच्या दरम्यान कधीतरी मिटतो. मग पहाटेच्या अंधारात अचानक डोळा उघडतो, जीभ टाळूला चिकटलेली असते, छाती धडधडत असते आणि पुन्हा झोप लागत नाही. पुढे हा त्रास २४ तासांपर्यंत रेंगाळू शकतो.

‘अंगातले पाणी कमी होते म्हणून हँगओव्हर होतो’ हे कारण सर्वांच्या तोंडी असते, पण ते अर्धेच खरे आहे. मूत्राचे प्रमाण आटोक्यात ठेवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक अल्कोहोलमुळे दबते, त्यामुळे लघवी जास्त होते आणि तहान लागते. परंतु पाण्याची कमतरता आणि हँगओव्हर या एकाच वेळी घडणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तांब्याभर पाणी प्यायल्यावर तोंडाची कोरड जाते. डोके ठणकायचे तसेच ठणकत राहते.

दुसरा नेहमीचा आरोपी अ‍ॅसिटाल्डिहाइड. यकृतात अल्कोहोलचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होते, मग त्याचे अ‍ॅसिटेट. मधला पदार्थ विषारी आहे यात वाद नाही. पूर्व आशियातील अनेकांमध्ये त्याचा निचरा करणारे विकर जन्मतःच दुबळे असते. थोड्याशा मद्याने त्यांचा चेहरा लालबुंद होतो, नाडी वाढते, मळमळते. मात्र हँगओव्हर ऐन भरात असतो तेव्हा रक्तात अ‍ॅसिटाल्डिहाइड फारसे उरलेलेच नसते. म्हणून सगळे खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

अलीकडे अधिक वजन मिळाले आहे ते रोगप्रतिकारशक्तीच्या प्रतिसादाला. मद्यपानानंतर रक्तात सायटोकाइन नावाचे दाहकारक संदेशवाहक रेणू वाढतात. तापात अंग दुखते, भूक मरते, पडून राहावेसे वाटते, त्यामागे हेच रेणू असतात. हँगओव्हर आणि फ्लूची कणकण इतकी सारखी वाटते, ती उगाच नव्हे.

झोपेचे नुकसान लोक हिशेबात धरत नाहीत, आणि ते मोठे असते. मद्याने डोळा लवकर लागतो खरा, पण अल्कोहोलने दाबून ठेवलेला मेंदू ते उतरू लागताच उसळी मारतो. रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो, स्वप्नांची झोप कमी पडते. आठ तास अंथरुणात काढूनही माणूस थकलेलाच उठतो. पोटाची कहाणी त्यामानाने सरळ आहे: जठराचे अस्तर चिडते, पित्त वाढते, मळमळ होते. रात्री जेवण झाले नसेल तर रक्तशर्कराही घसरते, कारण अल्कोहोल निपटण्यात गुंतलेले यकृत नवी साखर पुरेशी तयार करू शकत नाही. हातपाय गळण्यात याचाही वाटा असू शकतो.

मद्याच्या प्रकाराने फरक पडतो, पण लोक मानतात तेवढा नाही. आंबवताना आणि लाकडी पिंपात मुरवताना मद्यात मिथेनॉल, अ‍ॅसिटोन, टॅनिन असे इतर पदार्थ येतात. त्यांना काँजनर म्हणतात. ते व्होडकात अत्यल्प, तर बर्बन, ब्रँडी यांसारख्या गडद मद्यांत भरपूर असतात. एका प्रयोगात बर्बन पिणाऱ्यांना व्होडका पिणाऱ्यांपेक्षा सकाळी अधिक त्रास जाणवला, पण कामातली ढिलाई दोन्ही गटांत सारखीच होती. ‘आधी बिअर की आधी वाइन’ या जुन्या वादाचाही २०१९ मध्ये प्रकाशित झालेल्या एका प्रयोगाने निकाल लावला: क्रमाने काही फरक पडत नाही. किती चढली आणि उलटी झाली का, यांवरूनच सकाळचा अंदाज बांधता आला. ‘शेवटचा पेग नडला’ असे म्हणणाऱ्याला तो एकटा नडलेला नसतो. आधीचे सगळे त्याच्या जोडीला असतात.

प्रतिबंधाचा खात्रीचा मार्ग म्हणजे न पिणे, आणि पिणार असल्यास कमी व सावकाश पिणे. बाकी उपाय या दोन गोष्टींना हातभार लावतात तेवढेच. भरल्या पोटी प्यायल्यास अल्कोहोल रक्तात हळू शिरते आणि चढण्याचे टोक खाली राहते. दोन पेगांमध्ये ग्लासभर पाणी घेतल्याने वेग मंदावतो. त्याचा खरा उपयोग हाच. त्याच रात्री सिगारेट जास्त ओढणाऱ्यांत हँगओव्हर अधिक आढळला आहे. ‘आधी घ्या, सकाळी ताजे उठा’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि पेयांच्या बाजूने ठोस पुरावा नाही. २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्याने कोणताही उपाय पुरेसा सिद्ध झालेला नाही असे म्हटले होते, आणि २०२२ मधल्या दुसऱ्या आढाव्यातही चित्र फारसे बदलले नव्हते.

एकदा त्रास सुरू झाला की पाणी, हलके खाणे, झोप आणि वेळ एवढाच उपचार. कॉफीने तरतरी येते, अल्कोहोल मात्र लवकर उतरत नाही. डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल घेणे अशा वेळी शहाणपणाचे नाही, कारण नियमित पिणाऱ्याच्या यकृताला त्याचा धोका अधिक. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन आधीच चिडलेल्या जठराला आणखी डिवचतात. सकाळी पुन्हा एक पेग घेऊन काट्याने काटा काढण्याची युक्ती जुनी आहे. तिने तात्पुरते बरे वाटते, कारण नवे अल्कोहोल आले की मिथेनॉलचे विषारी पदार्थांत होणारे विघटन यकृत मागे टाकते, आणि मेंदूची उसळीही दबते. पण हा काटा निघत नाही, दुपारपर्यंत पुढे ढकलला जातो. श्वासतपासणी शून्य दाखवत असली तरी त्या दिवशी प्रतिक्रिया मंदावलेल्या असतात, तेव्हा गाडी चालवणे टाळावे.

सगळ्याच त्रासाला हँगओव्हर समजू नये. प्यायलेला माणूस हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील, तर ती अल्कोहोलची विषबाधा आहे. त्याला कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे. आणि रोज पिणाऱ्याचे मद्य थांबल्यावर काही तासांत हात थरथरू लागले, घाम फुटला, नसलेले दिसू-ऐकू येऊ लागले किंवा फिट आली, तर ती मद्य तोडल्याची लक्षणे असतात. त्यांवर झोप आणि पाणी पुरत नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उपचार करावे लागतात.