घरच्या स्टुडिओसाठी खुर्ची घेण्याआधी

घरी रेकॉर्डिंग, डबिंग किंवा मिक्सिंग करणारे ग्राहक आमच्याकडे आले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सगळ्यात मऊ कुठली?’ आमचं सांगणं असतं, आधी आवाज न करणारी शोधा. ऑफिसात खुर्ची कुरकुरली तर कुणाचं काही अडत नाही. स्टुडिओतला कंडेन्सर माइक मात्र बारीकसा आवाजही टिपतो, तो ती कुरकुर अचूक पकडतो आणि छान जमलेला टेक पुन्हा घ्यावा लागतो.

दुकानात आलात की आम्हाला पंखा बंद करायला सांगा. खुर्चीत बसा, मागे रेला, दोन्ही बाजूंना वळा, पुढे झुका, उठा. तेवढा वेळ मोबाइल सीटजवळ ठेवून रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. आवाज बहुधा सीटखालच्या टिल्टच्या यंत्रणेतून नाहीतर सैल बोल्टमधून येतो. बोल्ट आवळल्यावर गेला तर उत्तम. स्प्रिंगच वाजत असेल तर कितीही आरामशीर वाटली तरी ती खुर्ची माइकसमोर नेऊ नका.

रेक्झिनही अंग हललं की करकरतं. शिवाय रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा आणि एसी बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात मुंबईत तशा खोलीत रेक्झिनवर तासभर बसून पाहा, पाठ भिजून जाते. त्यात स्वस्तातल्या पीयू लेदरचे, म्हणजे पॉलियुरेथेनच्या नकली चामड्याचे, दमट हवेत काही वर्षांत पापुद्रे सुटतात. म्हणून आम्ही जाळीची पाठ आणि कापडी सीट सुचवतो.

गेमिंग चेअर दिसायला रुबाबदार असते, पण स्पीकरवर मिक्सिंग करणार असाल तर आमचा सल्ला ती न घेण्याचा आहे. डोक्यामागची गुळगुळीत उंच पाठ कानाशेजारूनच आवाज परतवते आणि तुमचा अंदाज चुकतो. पाठ खांद्यापर्यंत असली की पुरे. नुसतं एडिटिंग हेडफोनवर करत असाल तर मान टेकायला उंच पाठ चालेल.

आता माप. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि सीटची कड व गुडघ्यामागची जागा यांच्यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. त्याहून खोल सीट असेल तर पाठीचा टेका सुटतो आणि कंबर पोकळीत राहते. टेबल साधारण ३० इंच उंच असतं. त्यावर मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडायची पियानोसारखी पट्टी) ठेवला की हात वर जातात, मग माणूस खुर्ची उंच करतो आणि पाय लोंबकळतात. अशा वेळी पायाखाली पाट घ्या किंवा कीबोर्डसाठी खाली सरकणारा ट्रे लावा. एकदा उंची ठरली की स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे बारीक स्वर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या रेषेत आणा.

गिटार वाजवत असाल तर हात काढता येणारी खुर्ची घ्या. तबला-हार्मोनियमवाल्यांची बैठक खालीच असते. त्यांनी खुर्चीचे हात टेबलाखाली सरकतात का तेवढं पाहावं, म्हणजे लहान खोलीत बैठकीपुरती जागा मोकळी होते.

फरशीवर कडक नायलॉनची चाकं खडखडतात आणि रात्री खालच्या मजल्यावरही ऐकू येतात. फरशीसाठी मऊ पीयूची चाकं बसवून घ्या. जाड गालिच्यावर मात्र कडक चाकंच सहज फिरतात.

ओशिवऱ्याला किंवा कुर्ल्याला जुनी ऑफिसची खुर्ची मिळाली तर आम्हाला वाईट वाटणार नाही. चांगल्या बनावटीची जुनी खुर्ची नव्या हलक्या खुर्चीपेक्षा बरी. घेताना पूर्ण उंच करून दहा मिनिटं बसा. आपोआप खाली आली तर सीट उचलून धरणारा गॅसचा सिलिंडर (बोलीत ‘हायड्रॉलिक’) गेला आहे. तो आणि चाकं बदलता येतात. पायाला किंवा सीटखालच्या पत्र्याला तडा असेल तर सोडून द्या.

खुर्ची कुठलीही असो, पाऊण तासाने उठून चार पावलं चाला.

येताना टेबलाची उंची, खोलीचं माप आणि वाद्य घेऊन या. शनिवार-रविवारी दुकानात गर्दी असते, आवाजाची चाचणी नीट होत नाही. मधल्या वारी दुपारी आलात तर सावकाश बसून बघता येईल.