जुनी व्हॅन पुन्हा रस्त्यावर: इंजिन बदलायची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं (सोलापूर)

व्हॅन पुन्हा चालू करायची ठरली की आपण पहिल्यांदा गॅरेज गाठतो. मीही तेच केलं आणि तिथंच गणित चुकलं.

मामांची १९९६ची मारुती व्हॅन जुळे सोलापुरात घरामागं लिंबाखाली कित्येक वर्षं उभी होती. टायर जमिनीत रुतलेले, पुढच्या सीटखाली मांजरानं संसार थाटलेला. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. मिस्त्रीनं सीट उचलली, क्रँक फिरवून बघितला आणि म्हणाला, "जॅम आहे. बोअर पाडत बसण्यापेक्षा मारुतीच्याच नव्या व्हॅनचं, ईकोचं इंजिन टाकू. तुळजापूरचा घाट टॉप गिअरमध्ये चढंल बघा." ऐकायला गोड वाटलं. भंगारवाल्याकडं एक इंजिन बघून पाच हजार टोकनही दिलं. आणि मग आरटीओत चौकशी केली. क्रम नेमका उलटा हवा होता.

कारण कागदावर गाडी म्हणजे दोनच गोष्टी: चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) आणि इंजिन नंबर. रंग, सीटा, पत्रा हे सगळं त्यानंतर. यातला एक नंबर बदलायचा तर पाना हातात घेण्याआधी परवानगी घ्यावी लागते.

कुठलं इंजिन चालतं, कुठलं नाही

मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२ मध्ये याचं उत्तर आहे. उत्पादकानं मूळ ठरवून दिलेला आणि आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या बुकावर असलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. तोवर "आरटीओत नोंद केली की झालं" असा सर्रास समज होता, त्याला तिथं खीळ बसली.

आता आमच्या व्हॅनला हे लावून बघा. आरसीवर तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पेट्रोल. ईकोचं इंजिन चार सिलिंडरचं, ११९६ सीसी. कंपनी एकच असली तरी सीसी बदलली, ताकद बदलली, म्हणजे गाडीचा मूळ तपशीलच बदलला. मिस्त्री बसवून देईल, गाडी पळेलही, पण कागदावर ती चढणार नाही. आणि न चढलेला बदल सापडला तर २०१९च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर बघते, हे वेगळं.

मग रस्ते उरतात तीन.

पहिला आणि सगळ्यात सरळ: आहे तेच इंजिन बांधून घेणं. बोअर, पिस्टन, रिंगा, हेडचं काम. ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) तोच, नंबर तोच, त्यामुळं इंजिनबदलाचा अर्जच नको. मिस्त्री "हाफ इंजिन टाकू" म्हणाला तर मात्र सावध. हाफ इंजिनमध्ये ब्लॉक बदलतो आणि नंबर ब्लॉकवर असतो. मिस्त्रीच्या भाषेत ती दुरुस्ती, आरटीओच्या भाषेत इंजिनबदल.

दुसरा रस्ता: त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन, परवानगी घेऊन. इथं एक बारकावा आहे. मारुती ८००चं इंजिनही ७९६ सीसीचं, व्हॅनच्याच घराण्यातलं. पण ८००मध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. व्हॅनमध्ये उभं बसतं आणि मागची चाकं ढकलतं. माउंटिंग आणि गिअरबॉक्सकडची बाजू जुळवावी लागते. म्हणून व्हॅनचंच इंजिन शोधावं. जोडकाम वाचतं आणि तपासणीत प्रश्नही कमी येतात.

तिसरा: इंधनबदल. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी न्यायला कायद्यानंच दार उघडं ठेवलंय, पण किट मान्यताप्राप्त हवं आणि बसवणाराही अधिकृत. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते. बॅटरीवर न्यायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेनं मंजूर केलेलंच किट चालतं. ऑनलाइन मोटर मागवून गॅरेजमध्ये जुळवलेली इलेक्ट्रिक व्हॅन कितीही सुरेख झाली तरी अंगणातच फिरवायची.

पेट्रोलच्या व्हॅनमध्ये डिझेल इंजिन? एकेकाळी अशा व्हॅन खूप दिसायच्या. आज तो नाद सोडा.

तुमची गाडी मुळात पात्र आहे का

"पंधरा वर्षं झाली, आता ती भंगारातच" असं पारावर बसलेला प्रत्येक जण सांगतो. ते खरं नाही. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा दिल्ली-एनसीआरपुरती चर्चेत आली. आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीत पास झाली तर पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवता येते.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. सरकारी खातं, नगरपालिका, महामंडळ यांच्या नावावरच्या गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर वाढवायची नाही, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. एखाद्या संस्थेच्या आवारात सडत पडलेली जुनी रुग्णवाहिका "स्वस्तात मिळतेय" म्हणून घ्यायचा विचार असेल तर आधी तिचं आरसी बुक कुणाच्या नावावर आहे ते बघा.

सत्तरच्या दशकातली मॅटॅडोर वगैरे हाती लागली असेल तर गोष्ट उलटी होते. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, इंजिनात फेरफार केलेला नको. आणि ती रॅली, प्रदर्शन एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. रोज भाजी आणायला नाही. अशा गाडीत दुसरं इंजिन टाकणं म्हणजे स्वतःच्या हातानं किंमत पाडून घेणं.

आधी नाव, मग मुदत, मग इंजिन

आमची व्हॅन कागदावर अजून आजोबांच्या नावावर होती आणि आजोबा जाऊन बारा वर्षं झालेली. मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. आपल्याकडं तेराव्याच्या गडबडीत गाडीचं बुक कुणाला आठवतंय! उशीर झाला तरी अर्ज करावाच लागतो. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, अर्जदाराचं आधार आणि पॅन, मूळ आरसी. आमच्याकडं एक मावशी हैदराबादला, एक बार्शीला. सगळ्यात जास्त दिवस या सह्यांनीच खाल्ले.

गाडी विकत घेतलेली असेल तर नमुना २९ आणि ३०. बुकावर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा दिसत असेल तर नमुना ३५ आणि त्यांचं ना हरकत पत्र. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलं असलं तरी बुकावरचा शिक्का आपोआप पुसला जात नाही. बोजा असताना फायनान्सवाल्याच्या लेखी संमतीशिवाय गाडीत फेरफारही करता येत नाही. बुकच हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार आणि नमुना २६. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथलं नमुना २८चं ना हरकत पत्र. आपल्या जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही हे विसरू नका: सोलापूर एमएच-१३, अकलूज एमएच-४५. दोन्ही कचेऱ्या वेगळ्या आहेत.

जुन्या पुस्तकी आरसीची आणखी एक गोम. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला आणि काहीच दिसलं नाही, तर घाबरू नका. जुनी नोंद संगणकावर चढलेलीच नसते. मूळ बुक घेऊन कचेरीत जायचं आणि बॅकलॉग एंट्री करून द्या, असा अर्ज द्यायचा. हे होईपर्यंत ऑनलाइन कुठलीच सेवा उघडत नाही. त्या वेळी चेसिस नंबराचा एकेक आकडा बुकाशी ताडून बघा. आमच्या नोंदीत ३चा ८ झाला होता. तो तेव्हाच दुरुस्त करून घेतला म्हणून पुढचं निभावलं.

मुदत वाढवायला नमुना २५. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो, पण बंद गाडीवाल्यांची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. उशिराला चारचाकीसाठी महिन्याला ५०० रुपये आकार आहे. मूळ फी हलक्या मोटारीला पंधरा ते वीस वर्षांपर्यंत ५,००० रुपये; वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनं ती १०,००० केली. शिवाय पर्यावरण कर, तपासणीची फी आणि राहिलेली ई-चलनं. हा सगळा आकडा पोर्टलवर काढून बघा आणि मगच इंजिनाचा भाव विचारा. व्हॅनच्या किमतीपेक्षा कागदाचा खर्च जास्त निघाला म्हणून इथंच थांबलेले दोन जण मला माहीत आहेत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

इथं कोंबडी आधी की अंडं आधी असा पेच येतो. गाडी चालू नाही म्हणून पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) नाही, पीयूसी आणि विमा नाही म्हणून नूतनीकरण नाही, आणि मुदत संपलेल्या आरसीवर इंजिनबदलाचा अर्ज पुढं सरकत नाही. मी सगळी फाइल घेऊन विजापूर रोडच्या कचेरीत गेलो, खिडकीवर न थांबता मोटार वाहन निरीक्षकांना भेटलो आणि साध्या कागदावर परिस्थिती लिहून दिली: गाडी बंद आहे, इंजिन बदलायचंय, कुठला अर्ज आधी घेता? त्यांनी क्रम सांगितला, मी तो त्याच कागदावर टिपून घेतला. एजंटानं मला याच कामाला तीन फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

इंजिनाचे कागद

आता त्या पाच हजारांचं. भंगारवाल्याकडचं इंजिन दिसायला झकास होतं. पण रॉकेलच्या फडक्यानं नंबराची जागा पुसली तर तिथं ग्राइंडरचे ओरखडे! आकडे नाहीतच. "अहो, गंज काढताना गेले असतील," म्हणाला. टोकन परत मिळालं नाही. ते इंजिन घेतलं असतं तर मी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत बसलो असतो.

म्हणून इंजिन आधी बिलावर बघा, मग डोळ्यांनी. बिलात विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, इंजिन नंबर आणि ते कुठल्या गाडीतून काढलं तिचा नंबर हवा. त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा किंवा ती नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडल्याचा कागद मिळाला तर उत्तम. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) संकेतस्थळावर इंजिन नंबर टाकून ते चोरीच्या गाडीचं नाही ना, याचं ना हरकत पत्र स्वतःच काढता येतं. पैसे मोजण्याआधी भंगारवाल्याच्या दुकानात उभं राहूनच मोबाइलवर हे करा.

बदलाच्या अर्जासोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, इंजिनाचं बिल, एनसीआरबीचं पत्र आणि चेसिसची छाप जोडायची. छाप म्हणजे नंबरावर पातळ कागद धरून वरून शिसपेन्सिल घासायची, आकडे पांढरे उमटतात. गंज चढला असेल तर पॉलिश पेपर लावू नका. रॉकेल, फडकं आणि मऊ ब्रश, बस्स. घासून आकडा पुसट झाला तर चेसिस नंबरावरच संशय येतो आणि ते निस्तरणं फार जड जातं.

परवानगी हातात आली की मगच इंजिन बसवा. मग गाडी तपासणीला न्यायची. टो करून न्या, "एवढं दोन किलोमीटर तर आहे" म्हणत चालवत नेऊ नका. निरीक्षक सीट उचलायला लावतात, टॉर्च लावून ब्लॉकवरचा नंबर वाचतात आणि बिलाशी ताडतात. ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, टायर हे पासिंगचं नेहमीचं. आमची गाडी पहिल्या खेपेला वायपरवर अडली. नवं इंजिन घड्याळासारखं चालत होतं, आणि सोलापूरच्या मे महिन्यात वायपर चालत नाही म्हणून घरी!

नवा इंजिन नंबर आरसीवर चढला की विमा कंपनीला लगेच कळवून पॉलिसीवरही तो चढवून घ्या; त्याची पोच जपून ठेवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लागते. तिच्यासाठी मागणी नोंदवताना आरसीवरचाच नवा इंजिन नंबर टाका. जुना टाकलात तर नोंद जुळत नाही आणि अर्ज अडतो.