सहयोगी प्राध्यापकपदाचा अर्ज: जर्नलचा दर्जा कागदोपत्री कसा दाखवावा

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत सहयोगी प्राध्यापकपदासाठी थेट अर्ज करणाऱ्यांना एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेचे 2019 चे विनियम लागू पडतात. त्यांनुसार उमेदवाराकडे पीएच.डी. असावी लागते, किमान 8 वर्षांचा अनुभव असावा लागतो (त्यातील 2 वर्षे पीएच.डी.नंतरची), आणि एससीआय (सायन्स सायटेशन इंडेक्स) या आंतरराष्ट्रीय सूचीतील किंवा यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) अथवा एआयसीटीईने मान्य केलेल्या यादीतील जर्नलांत एकूण 6 शोधनिबंध प्रसिद्ध झालेले असावे लागतात. येथे जर्नल सूचीत आहे की नाही एवढेच विचारले आहे, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधील लेखांना सरासरी किती संदर्भ मिळाले, म्हणजे इतर निबंधांत त्यांचा किती वेळा उल्लेख झाला, तो आकडा) किती असावा हे नाही. तरीही अनेक अर्जांत आकडे ठळक अक्षरांत असतात आणि सूचीचा पुरावा मात्र जोडलेलाच नसतो.

म्हणून प्रत्येक निबंधाचे पहिले पान, डीओआय (निबंधाचा डिजिटल ओळख क्रमांक), आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) आणि एससीआय सूची चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या मास्टर जर्नल लिस्टमधील त्या जर्नलच्या नोंदीची तारखेसह छापील प्रत एकत्र लावावी. नोंद 'एससीआयई'ची (एससीआयची विस्तारित सूची) आहे की 'ईएससीआय'ची (नव्या, उदयोन्मुख जर्नलांची वेगळी सूची), हे नीट वाचावे, कारण 2023 पासून ईएससीआयमधील जर्नलांनाही इम्पॅक्ट फॅक्टर मिळू लागला असून केवळ आकडा पाहून फसगत होते. यूजीसीने मान्य जर्नलांची आपली केअर यादी बंद केल्याचे फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केले. तिच्या आधारे छापलेल्या निबंधांसाठी त्या काळातील नोंदीची प्रत जपलेली असेल तर ती जोडावी.

आकडा द्यायचाच असेल तर तो कोणाचा आणि कोणत्या वर्षाचा हे लिहावे. एखाद्या जर्नलने 2023 आणि 2024 मध्ये मिळून 200 लेख छापले आणि 2025 मध्ये या दोन वर्षांतील साहित्याला 500 संदर्भ मिळाले, तर 2025 चा इम्पॅक्ट फॅक्टर 2.5 होतो. स्कोपस या दुसऱ्या सूचीचा साइटस्कोअर हा आकडा चार वर्षांचा हिशेब धरतो, त्यामुळे दोहोंची तुलना करू नये. एसजेआर या मापात संदर्भ देणाऱ्या जर्नलच्या प्रतिष्ठेलाही वजन असते, तर एसएनआयपी हे माप विषयागणिक संदर्भ देण्याची वेगवेगळी सवय लक्षात घेते. स्थापत्य शाखेच्या उमेदवाराने पदार्थविज्ञानातील आकड्यांशी बरोबरी करण्यापेक्षा आपल्या विषयगटातील जर्नलचे क्यू1 (वरचा चतुर्थांश) ते क्यू4 (सर्वांत खालचा) हे स्थान दाखवणे अधिक प्रामाणिक ठरते. एसजेआर आणि साइटस्कोअर विनामूल्य पाहता येतात.

जर्नलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा, भलत्याच संस्थेने दिलेला 'इम्पॅक्ट फॅक्टर' अर्जात लिहू नये. नामांकित जर्नलांची हुबेहूब बनावट संकेतस्थळेही असतात, तेव्हा सूचीतील नोंदीवरूनच मूळ संकेतस्थळ उघडून त्यावर आपला निबंध दिसतो का, हे अर्जावर सही करण्यापूर्वी तपासावे.