दोन इमारतींमधलं छत: एक टोक पक्कं, एक सरकतं

मुंबईत दोन ऑफिस-इमारतींमधला चौक पारदर्शक छताने झाकायचं ठरलं, की सगळे आधी वजनाचं बोलतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: या दोन इमारती एकत्र हलत नाहीत.

आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत मुंबई झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. भूकंपाच्या हिशेबात मजल्याला त्याच्या उंचीच्या 0.4 टक्क्यांपर्यंत सरकण्याची मुभा आहे. 30 मीटर उंचीवर हे 12 सेंटीमीटर होतात. दोन्ही इमारती विरुद्ध दिशांना झुकल्या, तर मधलं अंतर 24 सेंटीमीटरने, जवळजवळ एका वितीने, बदलेल. दोन्ही टोकं घट्ट बोल्ट केलेलं छत हे सोसणार नाही. म्हणून एक टोक पक्कं आणि दुसरं टेफ्लॉन व स्टेनलेस स्टीलच्या बेअरिंगवर सरकतं ठेवतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या चौकावर 2000 साली 3,312 काचांचं छत आलं. तेही जुन्या भिंतींवर सरकत्या आधारांनीच टेकलं आहे.

हलक्या छतासाठी केबलचा मोह होतो. पण चाळीच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी जितकी ताठ बांधावी, तितका खिळा उपटायला बघतो. 20 मीटर केबलवर मीटरमागे 100 किलो भार आणि मधोमध 1 मीटर झोल असेल, तर टोकाला आडवी ओढ 5 टन. झोल निम्मा केला की 10 टन. सरकतं टोक ही ओढ घेऊच शकत नाही. म्हणून ती छतातच मिटवायची: वर कमानदार पाइप, खाली ताणलेली केबल. पाइप बाहेर रेटतो, केबल आत ओढते, भिंतीवर उभा भार तेवढा उरतो.

खरी कसोटी वाऱ्याची. 10 मिलिमीटर काच चौरस मीटरला 25 किलो भरते. ईटीएफई प्लास्टिकच्या हवा भरलेल्या गाद्या त्यापुढे अगदीच हलक्या. मुंबईसाठी आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या संहितेतला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे तासाला 158 किलोमीटर आहे. त्याचा दाब चौरस मीटरला 118 किलोंच्या आसपास जातो, आणि छतावर तो बऱ्याचदा वर खेचणारा असतो. अशा वेळी खालची केबल ढिली पडते. म्हणून तिला आधीच पुरेसा ताण द्यावा लागतो, किंवा उलट्या दिशेने वाकलेली दुसरी केबल जोडावी लागते. सरकत्या टोकालाही अशी पकड हवी, की ते आडवं सरकेल पण वर उठणार नाही.

समुद्राची खारी हवा, धूळ आणि कबुतरांची विष्ठा यांनी बेअरिंग जाम झालं, तर हा सगळा हिशेब फुकट. तिथवर माणूस पोचून ते पुसेल, तपासेल, गरज पडल्यास बदलेल एवढी वाट नकाशातच ठेवायला हवी.