लुळ्या स्नायूंवरचा उतारा: कुरारेपासून सुगामाडेक्सपर्यंत

१८१४ साली लंडनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एका गाढवीच्या खांद्यात कुरारे टोचले गेले. दक्षिण अमेरिकेत शिकारी बाणाच्या टोकाला लावतात ते हे विष. दहा मिनिटांत ती निपचित पडली. मग श्वासनलिकेला चीर देऊन भात्याने तिच्या फुप्फुसांत सुमारे चार तास हवा भरली, आणि ती उठली. चार्ल्स वॉटर्टन आणि बेंजामिन ब्रोडी यांच्या या प्रयोगातली गाढवी पुढे १८३९ पर्यंत जगली. तेव्हाचा उतारा एवढाच होता: विष ओसरेपर्यंत श्वास चालू ठेवायचा. आजही औषध फसले तर हेच करावे लागते, भात्याच्या जागी व्हेंटिलेटर असतो इतकेच.

कुरारे नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर घाव घालते, हे क्लोद बर्नारने १८५० च्या दशकात बेडकांवर दाखवले. मेंदू त्यातून सुटतो. म्हणजे प्राणी हलत नाही, पण त्याला सगळे कळत असू शकते. ब्रिटनच्या १८७६ च्या प्राणी-क्रूरता कायद्याने म्हणूनच कुरारे ही भूल धरली जाणार नाही, असे थेट कलमात घातले.

औषधाने औषध उतरवण्याची गोष्ट कुत्र्यापासूनच सुरू होते. १९०० साली व्हिएन्नात याकोब पाल याला दिसले, की कुरारेने लुळा पडलेला कुत्रा फायसोस्टिग्मिन दिल्यावर पुन्हा श्वास घेऊ लागतो. नसेच्या टोकातून सुटणारे आणि स्नायूला हलण्याचा निरोप देणारे अॅसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला हे औषध अडवते. अॅसिटिलकोलिन साचते आणि स्नायूवरच्या जागेसाठी चाललेल्या चढाओढीत कुरारेला मागे रेटते. पण तेव्हा शस्त्रक्रियेत कुरारे कुणी वापरतच नव्हते. उतारा आधी सापडला, गरज नंतर आली. १९३१ मध्ये त्याच पद्धतीने काम करणारे निओस्टिग्मिन तयार झाले आणि १९४२ मध्ये माँट्रियलला ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी माणसाच्या भुलीत कुरारे आणले. तिथून ही जोडी भूलतज्ज्ञांच्या ट्रेमध्ये कायमची बसली.

कुत्र्या-मांजरांत स्नायू शिथिल करायची वेळ मुख्यतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत येते. नुसत्या भुलीत कुत्र्याचा डोळा खाली फिरतो, बुबुळ दिसेनासे होते. अॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम किंवा रोक्युरोनियम यांपैकी एखादे कुरारेसारखे शिथिलक दिले की डोळा मधोमध स्थिर राहतो. नेहमीच्या मात्रेचा परिणाम साधारण अर्धा तास टिकतो. अंग थंड पडले असेल, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला असेल किंवा जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक दिले असेल, तर तो लांबतो.

निओस्टिग्मिनची कुत्र्यातली मात्रा किलोमागे ०.०२ ते ०.०५ मिग्रॅ. दहा किलोच्या कुत्र्याला ०.०४ या दराने ०.४ मिग्रॅ लागते, म्हणजे ०.५ मिग्रॅ/मिली अँप्यूलमधले ०.८ मिली. सोबत ग्लायकोपायरोलेट किलोमागे ०.०१ मिग्रॅ: ०.२ मिग्रॅ/मिली अँप्यूलमधले अर्धा मिली. दुष्परिणाम रोखणारे हे औषध आधी किंवा बरोबरीने जायलाच हवे. साचलेले अॅसिटिलकोलिन फक्त स्नायूंपाशी थांबत नाही. हृदयाचे ठोके मंदावतात, लाळ गळते, श्वासनलिका आकसतात, जुलाब होतात. दोन्ही औषधे दोनेक मिनिटे लावून सावकाश द्यावीत. निओस्टिग्मिन २.५ मिग्रॅ/मिली अशा तीव्रतेतही मिळते. चिठ्ठी न वाचता तेच ०.८ मिली ओढले तर मात्रा पाचपट होते. चार किलोच्या मांजरात तर सगळा हिशेब पाव मिलीच्या आसपासचा, त्यामुळे एक मिलीची सिरिंजच हवी.

निओस्टिग्मिनला मर्यादा आहे. एन्झाइम पूर्ण अडले की जास्त मात्रेने काही साधत नाही. शिथिलता खोल असताना ते दिले तर अर्धवट उतार पडतो आणि श्वासनलिकेतली नळी काढल्यावर घसा लुळाच राहतो. पोट वरखाली होते म्हणून निर्धास्त होऊ नये. श्वासपटल सगळ्यांत आधी सावरते, घशाचे स्नायू मागाहून. सक्सिनिलकोलिन या वेगळ्या प्रकारच्या शिथिलकावर तर निओस्टिग्मिन उलटेच पडते, त्याचा परिणाम वाढवते.

पावसाळ्यात नागाने चावलेला कुत्रा आला की आपल्याकडचे पशुवैद्य हेच निओस्टिग्मिन ग्लायकोपायरोलेटसारखेच काम करणाऱ्या अॅट्रोपिनसोबत काढतात, अर्थात प्रतिसर्पविषाच्या जोडीला. नागाचे विष कुरारेसारखेच स्नायूच्या बाजूची जागा अडवते, म्हणून थोडी मदत होते. मण्यारीचे विष प्रामुख्याने नसेचे टोकच निकामी करते. अॅसिटिलकोलिन सुटतच नसेल तर साचणार काय? तिथे पुन्हा व्हेंटिलेटरच.

उतारा पडला की नाही, हे मोजायची सोय खूप उशिरा आली. १९७० मध्ये अली, अटिंग आणि ग्रे यांनी दोन सेकंदांत चार विजेचे झटके देण्याची पद्धत मांडली. कुत्र्यात मागच्या पायाच्या गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या पेरोनियल नसेवर दोन इलेक्ट्रोड लावायचे आणि पंजा किती वेळा हलतो ते पाहायचे. किमान दोन हालचाली दिसल्याशिवाय निओस्टिग्मिन देऊ नये, चारही दिसल्या तर उत्तम. चौथी हालचाल पहिलीच्या निदान ०.९ पट झाली की नळी काढावी. हा आकडा नुसत्या नजरेने ठरत नाही. हे प्रमाण ०.४ च्या पुढे गेले की फरक डोळ्याला दिसतच नाही, त्यासाठी यंत्रच लागते. अनेक दवाखान्यांत औषध असते, यंत्र नसते, आणि खरी अडचण ही आहे.

सुगामाडेक्सने चढाओढच संपवली. ऑर्गेनॉन कंपनीच्या स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेत अँटन बॉम यांनी घडवलेली ही साखरेच्या रेणूंची पोकळ कडी रोक्युरोनियमला एकास एक पोटात घेते. एन्झाइमला हात लागत नाही, म्हणून ग्लायकोपायरोलेटचीही गरज नाही. २००८ मध्ये युरोपात आणि डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला माणसांसाठी मान्यता मिळाली. कुत्र्यांत खोल शिथिलतेवर किलोमागे ८ मिग्रॅ वापरून पाहिले गेले आहे, आणि उतार काही मिनिटांतच पडतो. व्हेक्युरोनियमवर ते चालते, अॅट्राक्युरियमवर अजिबात नाही. त्यामुळे सुगामाडेक्स दिल्यावर डोळा पुन्हा उघडावा लागला, तर शिथिलतेसाठी अॅट्राक्युरियमच घ्यावे. उताऱ्याचा हा झपाटा गैरसोयीचाही ठरतो. टाके संपण्याआधी आयसोफ्लुरेन हे हुंगवायचे भुलीचे औषध कमी केलेले असेल, तर इतका वेळ लपून राहिलेली उथळ भूल एकदम उघडी पडते आणि टेबलावरचा कुत्रा डोके उचलतो.