हुशार मुलांना शाळेने काय द्यायचे? सव्वाशे वर्षांच्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

‘हुशार आहे, त्याचे तो बघून घेईल’ हा समज शिक्षकांच्या खोलीत आजही ऐकू येतो. माध्यमिक इयत्तांत त्याचा फटका जास्त बसतो. बीजगणित आधीच समजलेली मुलगी वर्षभर त्याच नमुन्याची उदाहरणे सोडवत बसते आणि हळूहळू वर्गातून मन काढून घेते. अशा मुलांसाठी वेगळे काही करण्याचे प्रयत्न शतकाहून जुने आहेत. त्यांतले काही प्रयत्न मुले निवडायची कशी यात गुंतले, तर काही मुलांपुढे ठेवायचे काय यात. गाजावाजा निवडीचाच अधिक झाला, पण माझ्या मते शिकण्यासारखे दुसरीकडे जास्त आहे.

निवडीचे मुख्य हत्यार मुळात वेगळ्याच कामासाठी घडवले गेले होते. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती अभ्यासात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत मिळावी म्हणून. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. १९२१ पासून त्यांनी उच्च बुद्ध्यंकाची सुमारे दीड हजार मुले निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा मागोवा सुरू केला. हुशार मूल म्हणजे किडकिडीत आणि एकलकोंडे, ही तेव्हाची समजूत या अभ्यासाने मोडीत काढली. हे श्रेय टर्मन यांना द्यायलाच हवे. मात्र विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे त्यांच्या चाळणीतून गळले. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी ते एकालाही मिळाले नाही.

हंगेरीत सुरुवात झाली ती गणितांपासून. १८९४ मध्ये दानिएल आरान्य या शिक्षकाने शाळकरी मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. मासिकात उदाहरणे छापायची, मुलांनी उत्तरे पोस्टाने पाठवायची आणि चांगली उत्तरे नावासकट छापून यायची, एवढीच योजना. त्याच वर्षी शालेय शिक्षण संपवलेल्यांसाठी गणिताची एत्व्हश स्पर्धा सुरू झाली. पुढे नावाजलेले शास्त्रज्ञ झालेले थिओडोर फॉन कारमान आणि एडवर्ड टेलर हे तिचे विजेते.

पुढे या मासिकाचे संपादन लास्लो रात्स यांनी केले. बुडापेस्टच्या लुथरन शाळेत ते गणित शिकवत. पुढे थोर गणितज्ञ झालेला जॉन फॉन नॉयमन त्यांचा विद्यार्थी. त्याची झेप ओळखून रात्स त्याच्या वडिलांशी बोलले आणि विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून त्याला स्वतंत्र शिकवणी मिळेल अशी व्यवस्था झाली. बाकी विषयांना तो आपल्या वयाच्या मुलांबरोबर त्याच वर्गात बसत राहिला. त्याच शाळेतल्या, पुढे भौतिकशास्त्रज्ञ झालेल्या युजीन विग्नरला रात्स निवडक पुस्तके वाचायला देत. यात ना वेगळी तुकडी होती, ना यादी. होता तो विषय आतून जाणणारा आणि विद्यापीठात ओळखी असलेला एक शिक्षक. अर्थात असा शिक्षक सगळ्यांच्या नशिबी नसतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

सोव्हिएत संघात ही अडचण संस्था उभारून सोडवायचा प्रयत्न झाला. लेनिनग्राडमध्ये १९३४ साली आणि मॉस्कोत १९३५ साली गणित ऑलिम्पियाड सुरू झाले. संध्याकाळच्या गणित मंडळांत विद्यापीठाचे विद्यार्थी शाळकरी मुलांना शिकवत. १९६३ मध्ये नोवोसिबिर्स्क आणि मॉस्को इथे गणित-भौतिकशास्त्राच्या निवासी शाळा निघाल्या. मॉस्कोच्या शाळेत आंद्रेई कोल्मोगोरोव यांच्यासारखा गणितज्ञ स्वतः वर्ग घेई. त्याहून मोलाचा मला गणितज्ञ इस्राएल गेल्फांड यांचा १९६४ चा उपक्रम वाटतो. आसपास चांगला गणित शिक्षक किंवा मंडळ नसलेल्या मुलांना पोस्टाने उदाहरणे पाठवायची आणि आलेली उत्तरे तपासून शेऱ्यांसह परत करायची, अशी ती पत्रद्वारा शाळा होती.

अमेरिकेला जाग आली ती ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुतनिक हा सोव्हिएत संघाचा पहिला उपग्रह आकाशात गेल्यावर. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला आणि माध्यमिक शाळांतली हुशार मुले शोधायला सरकारी पैसा मिळू लागला. कायद्याच्या नावातच ‘संरक्षण’ असल्यावर मुलाची ओढ कशात आहे हे कोण विचारणार!

ते विचारले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांची गाठ जोसेफ बेट्स या तेरा वर्षांच्या मुलाशी पडली. शाळेत त्याच्या तोडीचे काही उरले नव्हते, म्हणून तो थेट विद्यापीठात दाखल झाला. यातूनच १९७१ चा गणिती प्रतिभेचा अभ्यास उभा राहिला. वयापेक्षा वरच्या पातळीची परीक्षा द्यायची आणि मूल जिथे अडते तिथून शिकवायला सुरुवात करायची, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतलेच शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये निवडीचाच पाया हलवला. सरासरीहून बरी क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेले काम तडीस नेण्याची चिकाटी, या तिन्हींचा संगम त्यांना महत्त्वाचा वाटला.

इंग्लंडने १९९९ मध्ये शहरी शाळांसाठी आखलेल्या योजनेत हुशार विद्यार्थ्यांची नोंद करायला लावली. २००२ मध्ये वॉरिक विद्यापीठात अशा विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय अकादमीही निघाली, पण २००७ मध्ये तिचा गाशा गुंडाळला गेला. २०१३ साली शाळा-तपासणी यंत्रणेने हिशेब मांडला. प्राथमिक शाळेतून इंग्रजी आणि गणितात वरच्या पातळीवर बाहेर पडलेल्या मुलांपैकी जवळपास दोन तृतीयांश मुलांना, प्रवेशासाठी निवड न करणाऱ्या माध्यमिक शाळांत, सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत या दोन्ही विषयांत वरची श्रेणी मिळाली नव्हती. नावे सापडली होती, पण माध्यमिकच्या पहिल्या वर्षांत त्यांच्याकडून फारशी अपेक्षाच ठेवली गेली नव्हती.

मुळात नाव सुचवतो कोण, हाही प्रश्न आहेच. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात शिक्षक-पालकांच्या शिफारशीवर न थांबता सरसकट सगळ्या मुलांची चाचणी घेतली, तेव्हा गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतली कितीतरी जास्त मुले पात्र ठरली.

सिंगापूरने १९८४ पासून हुशार मुलांना मोजक्या शाळांतल्या वेगळ्या वर्गांत एकत्र आणले होते. २०२४ मध्ये मात्र प्राथमिक स्तरावरची ती रचना बंद करण्याचे ठरले. आता प्रत्येक प्राथमिक शाळेने आपल्या हुशार मुलांसाठी स्वतःच कार्यक्रम चालवायचा आहे, आणि त्यासाठी तिथल्या शिक्षकांना तयार करावे लागणार आहे.