रॅम खराब आहे की रॅमचं सेटिंग?

नवा पीसी असेंबल केला, दोन दिवस नीट चालला, तिसऱ्या दिवशी गेम खेळताना ब्ल्यू स्क्रीन, म्हणजे विंडोज कोसळून निळी स्क्रीन. लगेच निदान होतं, "रॅम गेलीय, बदलून आण." रॅम बदलून येते आणि आठवड्याभरात तीच निळी स्क्रीन परत येते. मग मदरबोर्डवर संशय, मग एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर. यात लोकांचे पैसे जातात आणि चांगल्या वस्तू भंगारात जातात, हे बघवत नाही. खराब रॅम वेगळी आणि अस्थिर रॅम वेगळी. दोन्हींची लक्षणं सारखी असली तरी इलाजाचा एकमेकांशी संबंध नाही.

खराब रॅम सगळ्यांनाच कळते. चिपमधला एखादा भाग मेलेला असतो, तिथे लिहिलेलं परत वाचताना चुकीचं येतं. अशी स्टिक (रॅमची पट्टी) कुठल्याही मशीनमध्ये, कितीही कमी स्पीडला चुकतेच. ती वॉरंटीत द्यायची, विषय संपला.

गोंधळ होतो तो दुसऱ्या प्रकारात. डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात ६००० हा स्पीड लिहिलेला असतो, पण ती स्टिक बसवून मशीन चालू केलं की ती ४८०० किंवा ५६००ला, १.१ व्होल्टवर चालते. ६००० हा आकडा स्टिकमध्ये साठवलेल्या एका प्रोफाइलचा, म्हणजे तयार सेटिंगचा आहे. इंटेलवाले त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीने २०२२मध्ये आपलं एक्स्पो आणलं. या दोन नावांतला फरक शोधत बसू नका, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जे दिसेल ते चालू करायचं असतं. ते चालू केलं की व्होल्टेज बहुतेक वेळा १.३५ किंवा १.४ होतं, आणि तिथून पुढे आपण ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे अधिकृत स्पीडच्या वर चालवणं, करत असतो. इंटेल आणि एएमडी दोघंही त्याला ओव्हरक्लॉकिंगच म्हणतात. दुकानात मात्र हे कुणी सांगत नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

६०००चं आश्वासन रॅम बनवणाऱ्याने दिलेलं असतं, पण ते निभावायचं असतं प्रोसेसरने. रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो. एएमडीने तो २००३मध्ये आत नेला, इंटेलने डेस्कटॉपवर २००८मध्ये. रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकना ५२००, आणि चार स्टिक असतील तर फक्त ३६००. त्याच्या वर जे मिळतं ते त्या विशिष्ट प्रोसेसरच्या वकुबावर. ढोलपथकात ताशावाल्याने लय वाढवली तर ढोलवाल्यांचे हात त्या लयीला पुरावे लागतात. ठोका चुकला म्हणून ढोल फुटलेला नसतो.

माझ्या भाच्याच्या मशीनचं हेच झालं. आधी १६ जीबीच्या दोन स्टिक होत्या, व्हिडिओ एडिटिंगसाठी त्याने त्याच मॉडेलच्या आणखी दोन आणल्या. एक्स्पो चालूच होता. मेमटेस्ट ही रॅम तपासणारी टेस्ट लावली तर लाल ओळींचा पाऊस, म्हणून दुकानदाराने दोनदा स्टिक बदलून दिल्या. मी त्या लाल ओळी वाचत बसलो. प्रत्येक ओळीत चूक मेमरीच्या कुठल्या पत्त्यावर झाली ते लिहिलेलं असतं. खराब चिप असली की टेस्ट कितीही वेळा लावा, बहुधा तेच पत्ते परत येतात. इथे पत्ते विखुरलेले होते, आणि दुसऱ्यांदा टेस्ट लावली तर सगळे नवीनच. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो बंद केला, चारही स्टिक आपोआप ३६००वर उतरल्या. रात्रभर टेस्ट चालली. सकाळी स्क्रीनवर चुका शून्य.

म्हणून टेस्टची पहिली फेरी नेहमी प्रोफाइल बंद करूनच घ्या. प्रोफाइल चालू ठेवून टेस्ट घ्यायची आणि लाल ओळ दिसली की स्टिक आरएमएला, म्हणजे वॉरंटीत बदलायला, टाकायची, हा उलटा क्रम आहे. प्रोफाइल बंद असतानाही चुका आल्या, तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून बघा, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या. ठरावीक स्टिकबरोबरच चूक येत असेल तर ती स्टिक खराब. सगळ्याच स्टिक तिथे चुकत असतील तर त्या स्लॉटवर, सॉकेटच्या वाकलेल्या पिनवर किंवा एका बाजूने जास्त आवळलेल्या कूलरवर संशय घ्या.

प्रोफाइल बंद असताना सगळं स्वच्छ असेल तर आधी बायोस अपडेट करा. मेमरीच्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. तरी जमलं नाही तर ६०००चे ५६०० करा. गेममध्ये मला तरी तो फरक कधी जाणवलेला नाही. एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर ज्या भागात असतो त्याचं व्होल्टेज, मात्र अंदाजाने वाढवू नका. २०२३मध्ये काही रायझन ७००० एक्सथ्रीडी प्रोसेसर जळाल्यावर एएमडीला त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. आणि स्टिक दोनच घ्या, यात मी तडजोड करत नाही. ६४ जीबी हवी तर ३२च्या दोन, एकाच पाकिटातल्या. कंपनी एका पाकिटातल्या स्टिक एकत्र तपासते, दोन पाकिटं एकत्र कुणीच तपासलेली नसतात. मॉडेल नंबर तोच असला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात.

बाकीचं थोडक्यात. डीडीआर५ मशीन पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, ते मेमरी ट्रेनिंग, म्हणजे मशीन रॅमशी जुळवून घेत असतं. घाबरून बटण दाबू नका. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीतल्या 'कर्नल-पॉवर ४१'चा अर्थ एसएमपीएस खराब असा होत नाही, मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं एवढंच त्यातून कळतं. मेमटेस्ट पास होऊनही फक्त गेममध्ये क्रॅश होत असेल तर कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून खेळून बघा, कारण ग्राफिक्स कार्डाच्या उष्णतेने रॅमही तापते. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर असेल आणि गेम 'ग्राफिक्स मेमरी संपली' म्हणत असेल, तर रॅमला हात लावण्याआधी बायोस अपडेट करा. त्या प्रोसेसरमधला दोष इंटेलने २०२४मध्ये मान्य केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

भाच्याने चार स्टिक देऊन ३२च्या दोन घेतल्या. एक्स्पो चालू, टेस्ट स्वच्छ, तरी एडिटिंग सॉफ्टवेअर अधूनमधून बंद पडायचं. कारण मधल्या काळात रॅम अस्थिर होती, आणि चुकीच्या वाचलेल्या फाइल तशाच डिस्कवर लिहिल्या गेल्या होत्या. पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकलं, त्यानंतर तक्रार आलेली नाही.